सुकाळात भरलेले पेव : अमेरिकेतील राज्ये आणि बेकारी विम्याचा निधी

(एका व्याख्यानमालेतील भाषणाचे शब्दांकन)



१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईतील कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार गिरणीच्या दाराबाहेर आले. त्यांतील कित्येकांना पुन्हा कधीही आत जाता आले नाही. लालबाग-परळच्या चाळींतून अनेक कुटुंबांनी त्यानंतर गावाची वाट धरली. कोणी कोकणात गेले, कोणी घाटावर. वडिलोपार्जित एक-दोन एकर जमीन आणि धाकट्या भावाचे घर हाच त्यांचा विमा होता. त्या काळात शासनाच्या तिजोरीने जे केले नाही, ते कुटुंबाने आणि गावाने केले. आपल्या समाजरचनेचे हे सामर्थ्य नाकारण्याचे कारण नाही. तथापि त्याची मर्यादाही त्याच वेळी दिसली. ज्या भावाच्या घरी आश्रय मिळाला, त्याच्या ताटातलीही भाकरी अर्धीच होती. एका दरिद्री घराचा भार दुसऱ्या दरिद्री घराने किती दिवस वाहायचा?

संप आणि बेकारी या भिन्न गोष्टी आहेत हे खरे. जगातील बहुतेक विमा योजना संपकऱ्याला भत्ता देत नाहीत. परंतु गिरण्या कायमच्या बंद पडल्यावर जो माणूस उरला, तो निव्वळ बेकार होता. स्वतःचा काही दोष नसताना काम गेलेल्या माणसाला पुढील काम मिळेपर्यंत कोणी आणि कोणत्या पैशातून सांभाळावयाचे, हा प्रश्न गिरणगावापुरता नाही. औद्योगिक जीवन स्वीकारलेल्या प्रत्येक समाजापुढे तो आहे. भत्ता किती द्यावा यावर पुष्कळ चर्चा होते. त्यासाठी लागणारा पैसा कोठून आणि मुख्य म्हणजे केव्हा गोळा करावयाचा, यावर मात्र फारच थोडी. या दृष्टीने अमेरिकेतील राज्यांचा जवळजवळ नव्वद वर्षांचा अनुभव अभ्यासण्याजोगा आहे. तो सरसकट अनुकरणीय आहे असे नव्हे. पण त्यातील यश आणि अपयश ही दोन्ही बोधप्रद आहेत.

विस्कॉन्सिनचा प्रयोग

१९२९ साली अमेरिकेत महामंदीला प्रारंभ झाला. १९३३ पर्यंत तेथे दर चार कामकऱ्यांपैकी एकाच्या हाताला काम उरले नव्हते. ब्रिटनने १९११ सालीच कायदा करून कामगार, मालक आणि शासन या तिघांच्या वर्गणीतून बेकारी विमा सुरू केला होता. अमेरिकेत मात्र देशभर तशी कोणतीही व्यवस्था नव्हती. उद्योगपतींचा विरोध हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक व्यावहारिक होते. एखाद्या राज्याने आपल्या उद्योगांवर असा कर बसवला, तर उद्योजक शेजारच्या राज्यात जाण्याची धमकी देत. प्रत्येक राज्य दुसऱ्याने आरंभ करावा म्हणून थांबले होते.

ही कोंडी प्रथम फोडली ती विस्कॉन्सिन राज्याने. तेथील विद्यापीठातील अर्थशास्त्रज्ञ जॉन आर. कॉमन्स हे १९२१ पासून या कल्पनेचा पाठपुरावा करीत होते. त्यांचा विचार मोठा मार्मिक होता. कारखान्यातील अपघाताची भरपाई मालकावर बसली, तेव्हा मालक यंत्रांना संरक्षक जाळ्या बसवू लागला, कारण अपघात टाळणे त्याला स्वस्त पडू लागले. मग कामगारकपातीचा खर्चही मालकावर बसवला, तर तो माणसे काढण्यापूर्वी दोनदा विचार करील. जानेवारी १९३२ मध्ये गव्हर्नर फिलिप ला फॉलेट यांच्या स्वाक्षरीने अमेरिकेतील पहिला बेकारी विमा कायदा अस्तित्वात आला. त्यात प्रत्येक मालकाचे खाते स्वतंत्र होते. खात्यात दर कामगारामागे ५५ डॉलर जमेपर्यंत मालकाने वेतनाच्या २ टक्के भरावयाचे, त्यानंतर ७५ डॉलर होईपर्यंत १ टक्का, आणि मग काहीच नाही. ज्याने माणसे काढली त्याचे खाते रिकामे होणार आणि त्याला पुन्हा भरणा करावा लागणार. या कायद्याखालील पहिला भत्ता ऑगस्ट १९३६ मध्ये दिला गेला. रक्कम होती १५ डॉलर.

ओहायो राज्यातील अभ्यासकांचा याला आक्षेप होता. मंदीत सर्वांत अधिक माणसे ज्या कारखान्यातून निघतात, त्याचे खातेच सर्वांत आधी आटणार. मग कामगाराने पाहावयाचे कोणाकडे? त्यांचे म्हणणे असे की, सर्व मालकांचा पैसा एकाच निधीत असावा आणि जोखीम सर्वांनी वाटून घ्यावी. कॉमन्स यांचा भर उत्तरदायित्वावर होता, ओहायोचा भर एकत्रित जबाबदारीवर. पुढे अमेरिकेतील राज्यांनी या दोन्ही विचारांची सांगड घातली. निधी एकत्र राहिला, आणि त्यात कोणी किती भरावयाचे हे ज्याच्या त्याच्या वर्तनावरून ठरू लागले.

१९३५ : कराची किल्ली

राज्यांना एकाच वेळी या मार्गावर आणावयाचे कसे? अध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांच्या मंत्रिमंडळात फ्रान्सिस पर्किन्स या श्रममंत्री होत्या. अमेरिकेच्या मंत्रिमंडळातील त्या पहिल्या महिला. मध्यवर्ती शासनाने देशभर एकच योजना चालवली, तर सर्वोच्च न्यायालय ती रद्द करील ही भीती होती. न्यायमूर्ती लुई ब्रँडाइस यांची कन्या एलिझाबेथ आणि जामात पॉल राउशेनबुश हे दोघेही विस्कॉन्सिनच्या कायद्याच्या घडणीत होते. १९२७ सालच्या वारसा कराच्या एका खटल्यात न्यायालयाने एक युक्ती मान्य केली होती, तिच्याकडे ब्रँडाइस यांनीच त्यांचे लक्ष वेधले. मध्यवर्ती शासनाने कर बसवावा, आणि करदात्याने तोच कर आपल्या राज्यात भरला असेल तर त्याला सूट द्यावी, अशी ती युक्ती होती.

१४ ऑगस्ट १९३५ रोजी मंजूर झालेल्या सामाजिक सुरक्षा कायद्यात हीच किल्ली वापरली गेली. आठ किंवा अधिक माणसे कामावर असलेल्या मालकांवर वेतनाच्या प्रमाणात कर बसला. १९३६ साली १ टक्का, १९३७ साली २ टक्के आणि १९३८ पासून ३ टक्के. मात्र ज्या राज्यात मान्यताप्राप्त बेकारी विमा कायदा असेल, तेथील मालकाला यातील ९० टक्क्यांपर्यंत सूट. याचा अर्थ उघड होता. राज्याने कायदा केला नाही तरी त्याच्या मालकांचा पैसा जाणारच होता, पण तो राजधानीच्या तिजोरीत. कायदा केला तर तोच पैसा आपल्याच राज्यातील बेकारांसाठी राहणार होता. शेजारच्या राज्यात पळून जाण्यातही आता लाभ उरला नाही. २४ मे १९३७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ही योजना वैध ठरवली. निकाल न्यायमूर्ती बेंजामिन कार्डोझो यांनी लिहिला. त्या वर्षीच्या जुलैपर्यंत देशातील एकूण एक राज्याने आपापला कायदा केला होता. राज्यांवर हुकूम न सोडता त्यांना एका दिशेने वळविण्याचे हे उदाहरण संघराज्यीय व्यवस्थेच्या अभ्यासकांनी आवर्जून पाहावे असे आहे.

पैसा कसा वाहतो

आजही व्यवस्थेचा सांगाडा तोच आहे. मालक दोन कर भरतो. मध्यवर्ती कर प्रत्येक कामगाराच्या पहिल्या ७,००० डॉलर वार्षिक वेतनावर ६ टक्के; त्यातून राज्याचा कर वेळेवर भरल्याबद्दल ५.४ टक्के सूट. उरतात ०.६ टक्के, म्हणजे दर कामगारामागे वर्षाला अवघे ४२ डॉलर. या पैशातून राज्यांच्या विमा कार्यालयांचा खर्च भागतो, संकटकाळी राज्यांना कर्ज दिले जाते आणि दीर्घ मंदीत वाढीव मुदतीच्या भत्त्याचा मध्यवर्ती वाटा उचलला जातो.

नेहमीचा भत्ता मात्र संपूर्णपणे राज्याच्या करातून येतो. हा कर बहुतेक सर्वत्र केवळ मालक भरतो; अलास्का, न्यू जर्सी आणि पेनसिल्व्हेनिया या तीनच राज्यांत कामगाराच्या वेतनातूनही कपात होते. राज्याने गोळा केलेला पैसा राज्याच्या सर्वसाधारण तिजोरीत जात नाही. तो राजधानीतील कोषागारात, बेकारी विश्वस्त निधीत, त्या राज्याच्या स्वतंत्र खात्यावर जमा होतो आणि त्यावर व्याज मिळते. तो पैसा भत्त्याखेरीज अन्य कामासाठी काढता येत नाही. रस्ता बांधावयाचा आहे, निवडणूक जवळ आली आहे, अशा कारणांसाठी कोणत्याही गव्हर्नरला त्याला हात लावता येत नाही. या व्यवस्थेची ही सर्वांत भक्कम भिंत होय.

प्रत्येक मालकाचा दर मात्र सारखा नसतो. ज्याच्याकडील माणसांना भत्ता घेण्याची पाळी अधिक वेळा आली, त्याचा दर चढतो. ज्याने माणसे टिकवली, त्याचा उतरतो. कॉमन्स यांचा विचार अशा रीतीने जिवंत राहिला आहे. त्याला एक काळी बाजूही आहे. दर वाढू नये म्हणून काही मालक माणसाचा दावाच नाकारला जावा यासाठी झटतात. त्याने काम स्वतःहून सोडले, त्याची वर्तणूक वाईट होती, असे वाद उभे राहतात. दोष टाळावा म्हणून केलेला नियम कधी कधी दावा टाळण्याचे साधन बनतो.

सात हजार डॉलरची मर्यादा

या व्यवस्थेचा सर्वांत दुबळा सांधा आहे तो करपात्र वेतनाची मर्यादा. आरंभी संपूर्ण वेतनावर कर होता. १९३९ च्या दुरुस्तीने तो पहिल्या ३,००० डॉलरपुरता राहिला. पण तेव्हा बहुतेक कामगारांचे संपूर्ण वेतन त्या मर्यादेतच येई. पुढे ही मर्यादा १९७२ साली ४,२००, १९७८ साली ६,००० आणि १९८३ साली ७,००० डॉलर झाली. तेथे ती गोठली. त्यानंतर महागाई वाढली, वेतने वाढली, भत्तेही वाढले. मर्यादा तशीच राहिली. राज्यांना आपली मर्यादा यापेक्षा अधिक ठेवण्याचे स्वातंत्र्य आहे. कॅलिफोर्निया आणि फ्लोरिडा यांनी ती ७,००० वरच ठेवली. उलट वॉशिंग्टन राज्याने (राजधानीचे शहर नव्हे, वायव्येकडील राज्य) ती राज्यातील सरासरी वेतनाशी जोडली. २०२४ साली ती ६८,५०० डॉलर होती.

या भेदाचा अर्थ साध्या हिशेबाने कळतो. कॅलिफोर्नियात नव्या मालकाचा दर ३.४ टक्के आहे. म्हणजे दर कामगारामागे वर्षाला २३८ डॉलर. सर्वोच्च दर ६.२ टक्के, म्हणजे ४३४ डॉलर. तेथील भत्त्याची कमाल मर्यादा २००५ पासून आठवड्याला ४५० डॉलर, आणि मुदत २६ आठवडे. पूर्ण भत्ता घेणाऱ्या एका माणसावर ११,७०० डॉलर खर्च होतात. सर्वोच्च दराने कर भरणाऱ्या मालकालादेखील एवढी रक्कम त्या एका कामगारामागे भरण्यास सत्तावीस वर्षे लागतील. विमा असल्यामुळे इतरांचे हप्ते कामी येतात हे खरे. परंतु मंदीत काढलेला माणूस एकटा नसतो, त्याच्या मागे रांग असते. शिवाय वर्षाला वीस हजार डॉलर मिळविणाऱ्या हॉटेलातील वाढप्याच्या वेतनावर आणि दोन लाख मिळविणाऱ्या अभियंत्याच्या वेतनावर एकाच दराने समान कर पडतो. अधिक वेतन देणाऱ्याचा भार हलका आणि कमी वेतन देणाऱ्याचा तुलनेने जड, असा हा उफराटा न्याय आहे.

पेव आणि विहीर

आपल्याकडे जुन्या काळी गावोगावी धान्याची पेवे असत. जमिनीत खोल खणलेली, आतून लिंपलेली, वर दगड ठेवून बुजवलेली. पीक चांगले आले की पेव भरावयाचे आणि दुष्काळात उघडावयाचे. पेव भरण्याच्या वर्षी त्याचा उपयोग कोणालाच दिसत नाही. ते धान्य विकून पैसा करावा असाच मोह होतो. बेकारी विम्याचा निधी हे औद्योगिक समाजाचे पेव आहे. तेजीच्या वर्षांत दावे कमी असतात, मालकांची कमाई चांगली असते, तेव्हा निधी भरला पाहिजे. मंदीत कर न वाढवता तो रिता करता आला पाहिजे. तसे झाले तर मंदीत हजारो घरांची खरेदी थांबत नाही, दुकाने चालू राहतात आणि मंदीची धार बोथट होते. तेजीत निधी भरला नाही, तर मंदीच्या ऐन भरात कर वाढवावा लागतो, अथवा भत्ता कापावा लागतो. तहान लागल्यावर विहीर खणण्याचा हा प्रकार होय.

पेव किती खोल असावे यासाठी तेथे एक माप आहे. मागील काळातील तीन सर्वांत वाईट वर्षांच्या सरासरी खर्चाइतका पैसा, म्हणजे तशा मंदीत एक वर्ष पुरेल इतका साठा, राज्याच्या खात्यावर मंदी येण्यापूर्वी असावा. १९९० च्या दशकात एका राष्ट्रीय सल्लागार मंडळाने ही शिफारस केली. ती बंधनकारक नाही, आणि अडचण तेथेच आहे. तेजीत मालकांच्या संघटना म्हणतात, निधी पडून आहे, कर कमी करा. विधिमंडळालाही ते गोड वाटते. दोष कोणा एका पक्षाचा नाही; सुकाळाचा स्वभावच तसा आहे.

२००८ साली मंदी आली आणि हिशेब उघडा पडला. तीसहून अधिक राज्यांना मध्यवर्ती शासनाकडून कर्ज घ्यावे लागले. ऐन शिखरावर त्यांच्या कर्जाची एकूण रक्कम ४० अब्ज डॉलरच्याही वर गेली. टेक्सासने २०१० साली रोखे विकून पैसा उभा केला. या कर्जाचे नियम कडक आहेत. १९८२ पासून त्यावर व्याज लागते आणि ते व्याज बेकारी कराच्या पैशातून देता येत नाही. राज्याला वेगळी तजवीज करावी लागते. सलग दोन वर्षांच्या १ जानेवारीस कर्ज शिल्लक असेल आणि त्या दुसऱ्या वर्षीच्या १० नोव्हेंबरपर्यंत ते फिटले नाही, तर त्या राज्यातील प्रत्येक मालकाची मध्यवर्ती सूट ०.३ टक्क्याने, म्हणजे दर कामगारामागे २१ डॉलरने घटते; आणि कर्ज राहील तितकी वर्षे ही घट वाढत जाते. ज्या मालकाने एकही माणूस काढला नाही, त्यालाही हा भुर्दंड चुकत नाही.

कर्ज फेडण्याचा भार दुसऱ्या बाजूनेही पडतो. उत्तर कॅरोलिना राज्यावर सुमारे अडीच अब्ज डॉलरचे कर्ज होते. ते लवकर फेडावे म्हणून तेथील विधिमंडळाने २०१३ साली आठवड्याचा कमाल भत्ता ५३५ डॉलरवरून ३५० वर आणला आणि २६ आठवड्यांची मुदत १२ ते २० आठवड्यांपर्यंत खाली नेली. राज्याने भत्ता कापू नये ही मध्यवर्ती वाढीव साहाय्याची अट होती. ती मोडल्यामुळे दीर्घकाळ बेकार असलेल्यांचे ते साहाय्यही त्या जुलैपासून बंद झाले. कर्ज २०१५ मध्ये फिटले. ते कोणाच्या पोटाला चिमटा घेऊन फिटले, हे वेगळे सांगण्याची आवश्यकता नाही. तेजीच्या वर्षांत वाचलेला कर मालकांच्या खिशात राहिला होता; त्याची किंमत ज्यांनी मोजली ते वेगळेच लोक होते.

महामारीची परीक्षा

२०२० च्या मार्चमध्ये महामारीने व्यवहार ठप्प केले. त्या महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात अमेरिकेत साठ लाखांहून अधिक माणसांनी भत्त्यासाठी नवे दावे केले. एका आठवड्यात एवढे दावे पूर्वी कधीही आले नव्हते. मध्यवर्ती शासनाने २७ मार्चच्या कायद्याने आठवड्याला ६०० डॉलरची भर जुलैअखेरपर्यंत आपल्या तिजोरीतून घातली. परंतु मूळ भत्ता राज्यांच्याच निधीतून जावयाचा होता. कॅलिफोर्निया त्याआधीचे कर्ज २०१८ साली कोठे फेडून मोकळे झाले होते. पेव रिकामेच होते. ते राज्य पुन्हा कर्जात गेले आणि ते कर्ज सुमारे २० अब्ज डॉलरच्या घरात पोहोचले. परिणामी २०२४ या वर्षासाठी तेथील मालकांची सूट ०.९ टक्क्याने घटली, आणि जेथे ४२ डॉलर भरावयाचे तेथे १०५ डॉलर भरण्याची वेळ आली.

त्याच्याच उत्तरेस असलेल्या ऑरेगन राज्याने मात्र २००८ नंतरच्या मंदीतही कर्ज घेतले नाही आणि महामारीतही नाही. वॉशिंग्टन राज्याचेही तसेच. या राज्यांत कोणतेही गुप्त धन सापडले नव्हते. त्यांनी करपात्र वेतनाची मर्यादा वेतनवाढीबरोबर वाढू दिली आणि निधीच्या स्थितीप्रमाणे कराचे दर आपोआप बदलतील असे नियम कायद्यातच बांधून ठेवले. दर वर्षी विधिमंडळाच्या मनोधैर्याची परीक्षा घेण्याची वेळच त्यांनी येऊ दिली नाही. शिस्त व्यक्तीच्या सद्‌हेतूवर न सोडता व्यवस्थेत रुजवावी, हा संघटनशास्त्राचा जुना नियम येथे अर्थकारणात प्रत्ययास येतो.

या व्यवस्थेशी आज महाराष्ट्रातील हजारो घरांचा प्रत्यक्ष संबंध आहे. कोथरूड, डोंबिवली, ठाणे येथील अनेक घरांतील मुले-मुली अमेरिकेत एच-१बी परवान्यावर काम करतात. त्यांच्या वेतनावरही त्यांचा मालक हा कर भरतो. परंतु भत्त्यासाठी मनुष्य कोणतेही योग्य काम तत्काळ स्वीकारण्यास मोकळा असावा लागतो, आणि या परवान्यावरील माणूस दुसऱ्या मालकाच्या नव्या अर्जाशिवाय काम स्वीकारू शकत नाही. त्यामुळे काम गेल्यावर बहुतेक वेळा त्याला भत्ता मिळत नाही. त्याला मिळतात ते २०१७ पासून लागू असलेले कमाल ६० दिवस. त्यांत नवा मालक शोधावयाचा, परवान्याचा प्रकार बदलून घ्यावयाचा किंवा देश सोडावयाचा. त्या घरांचे पेव त्यांनी स्वतःच भरावयाचे आहे, हे ज्येष्ठांनी मुलांना वेळीच सांगितलेले बरे.

महाराष्ट्राची वाट

आपल्या राज्याने या प्रश्नाचे एक स्वतंत्र उत्तर शोधले होते, याचे स्मरण आज फारसे होत नाही. सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात १९६५ साली झालेल्या प्रयोगातून, विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या पुढाकाराने रोजगार हमी योजना उभी राहिली. १९७२ च्या दुष्काळात तिने खेड्यातील माणसाला हात दिला. १९७७ साली तिचा कायदा संमत झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. अमेरिकेने बेकाराला भत्ता दिला. महाराष्ट्राने काम मागणाऱ्याला काम देण्याचे वचन दिले. पागे यांची दूरदृष्टी एवढ्यावर थांबली नाही. वचनापाठोपाठ पैशाचीही सोय झाली. १९७५ साली व्यवसाय कर आला. शहरातील नोकरदार, व्यावसायिक यांच्याकडून तो घ्यावयाचा आणि शासनाने त्यात आपली तितकीच भर घालावयाची. पगारपत्रकावर दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये अशी जी कपात दिसते, वर्षाला २,५०० रुपयांची, तिचा उगम येथे आहे. शहरात छपराखाली बसून काम करणाऱ्याने रानात उन्हातान्हात खडी फोडणाऱ्या बांधवासाठी दिलेला तो वाटा होता. कित्येकांना तो देतानाही हे ठाऊक नसते.

शहरी कामगारासाठी मात्र असे पेव आपण पुरेसे खणलेले नाही. औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ साली दुरुस्ती होऊन कामगारकपातीबद्दल सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या वेतनाची भरपाई ठरली. पण ती त्याच मालकाने द्यावयाची, जो बुडाला म्हणून माणसे काढीत आहे. बुडत्याकडे तारण मागावे तसे हे झाले. राज्य विमा निगमाने २००५ साली आपल्या विमाधारकांसाठी बेकारी भत्त्याची योजना आणली. २०१८ साली अटलजींच्या नावे दुसरी योजना आली. तीत जास्तीत जास्त ९० दिवस, आरंभी सरासरी वेतनाच्या २५ टक्के आणि २०२० मध्ये वाढवून ५० टक्के साहाय्य ठरले. मात्र निगमाचे सदस्यत्व २०१७ पासून महिना २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांनाच खुले राहिले. रिक्षाचालक, बांधकामावरचा मजूर, दुकानातील नोकर, घरकाम करणारी भगिनी यांपैकी बहुतेकांचा या हिशेबात कोठेच समावेश नव्हता.

मदतीची सवय लागून माणूस आळशी होईल, असा एक आक्षेप नेहमी घेतला जातो. स्वावलंबनाचा आग्रह योग्यच आहे. परंतु विमा आणि भिक्षा यांत अंतर आहे. अमेरिकेतील भत्ता पूर्वी काम केलेल्यालाच मिळतो, काम शोधीत असल्याचे दर आठवड्याला सांगावे लागते, आणि तो ठरावीक मुदतीनंतर थांबतो. पहिल्या मिळेल त्या कामावर पडेल त्या मजुरीने जाण्याची सक्ती टळली, तर कुशल कारागीर आपल्या कौशल्याला साजेसे काम शोधू शकतो. तेवढ्या अवधीत घरातील मुलाची शाळा सुटत नाही, पत्नीचे दागिने सावकाराकडे जात नाहीत. कुटुंब ही आपली मूळ संस्था म्हणावयाची आणि ते कुटुंब एका कारखान्याच्या टाळ्याने मोडू द्यावयाचे, या दोन गोष्टी एकत्र नांदू शकत नाहीत.

अमेरिकेतील राज्यांच्या अनुभवाचे सार तीन वाक्यांत सांगता येते. निधी स्वतंत्र असावा आणि त्याला अन्य कोणाचा हात लागू नये. भरणा वेतनाबरोबर वाढावा, एका आकड्यावर गोठू नये. आणि त्याचा हिशेब तेजीच्या वर्षी मागावा, मंदीच्या नव्हे. यातील तिसरी गोष्ट कोणत्याही कायद्यापेक्षा जागरूक नागरिकांवर अवलंबून आहे. बाजार तेजीत असतो, नोकऱ्या मिळत असतात, घराघरांत समाधान असते, तेव्हा अर्थसंकल्पात अशा निधीसाठी काय ठेवले, हे विचारणारे लोक प्रत्येक गावात, प्रत्येक वस्तीत असावे लागतात. गिरणगाव रिकामे होऊ लागले, तेव्हा पेव खणण्याची वेळ केव्हाच निघून गेली होती. आज जी घरे सुखात आहेत, त्यांनीच हा प्रश्न आज हाती घ्यावयाचा आहे.